पोट्ट्याला सुई टोचायची आहे? गावच्या दवाखान्यात व्हीआरचा डबा कसा वापरायचा

सुई, ड्रेसिंग, टाके काढणं, प्लास्टर कापणं, या कामांत पोट्टे जेवढे दुखण्यानं रडतात तेवढेच भेवानं रडतात, आणि भेव असलं की दुखणं जास्त वाटतं हे कोणत्याही सिस्टरला विचारा. व्हीआर, म्हणजे व्हर्च्युअल रिअॅलिटी, हा डोळ्याला लावायचा तो डबा, ज्यात मान वळवली की चित्रही वळतं. आपल्या पीएचसीत (प्राथमिक आरोग्य केंद्रात), ग्रामीण रुग्णालयात तो नीट चालतो, माझ्या मते तर मोठ्या हॉस्पिटलपेक्षा आपल्याकडेच त्याची गरज जास्त आहे कारण आपल्याकडे ना चाइल्ड सायकॉलॉजिस्ट ना खेळण्यांची खोली, एक बेड, एक ट्रे, दाराशी वीस जणांची लाईन आणि मधात रडणारं लेकरू. पण एक गोष्ट पहिलेच सांगते, डबा महाग आहे की स्वस्त यानं फार फरक पडत नाही, सुईच्या आधीची पाच-सात मिनिटं तुम्ही पोराशी कसं वागता यानं पडतो. रडून लाल झालेल्या, चौघांनी दाबून धरलेल्या पोराच्या तोंडावर लाखाचा हेडसेट बसवला तरी ते अजूनच घाबरते, त्याला तर वाटते आता डोळेपण बांधले.

हे मुळात आलं अमेरिकेतून, सिएटलच्या हार्बरव्ह्यू हॉस्पिटलच्या बर्न सेंटरमधून. हंटर हॉफमन आणि डेव्हिड पॅटरसन या दोघांनी १९९६ च्या सुमारास भाजलेल्या पेशंटच्या ड्रेसिंगच्या वेळी व्हीआर वापरून पाहिलं, २००० साली दोन भाजलेल्या किशोरवयीन मुलांचा अनुभव छापला, आणि भाजलेल्यांसाठीच स्नोवर्ल्ड नावाचा गेम बनवला. सगळीकडे बर्फ, बर्फाचे माणसं, पेंग्विन, आणि पेशंटनं नुसते बर्फाचे गोळे मारत राहायचे. नंतर त्यांनी एमआरआय मशीनमधे मेंदू तपासला तर व्हीआर चालू असताना दुखण्याशी संबंधित भागांतली हालचाल कमी झालेली दिसली. म्हणजे पोरगं नुसतं गप बसतं असं नाही, त्याला खरंच कमी दुखतं. नर्सिंगला आपण गेट कंट्रोल थिअरी शिकलो ना, मेलझॅक आणि वॉलची, १९६५ ची, दुखण्याचा निरोप मेंदूपर्यंत पोचायच्या आधी वाटेत कमीजास्त होऊ शकतो ती, त्याच दिशेची ही गोष्ट आहे. लक्ष एकच असतं, ते दुसरीकडे पूर्ण गुंतलं तर दुखण्याच्या वाट्याला कमी येतं. टीव्हीसमोर बसवलं की न आवडणारी भाजीही पोट्टं खाऊन घेते, तसंच.

आता दुसरी बाजूही ऐका. २०२० चा कोक्रेन रिव्ह्यू, म्हणजे झालेल्या सगळ्या अभ्यासांची एकत्र तपासणी, आहे खास मुलांवर, १७ ट्रायल, ४ ते १८ वर्षांची हजारावर मुलं, त्यात फायदा काही ठिकाणी दिसला पण पुरावा कच्चा आहे असंच त्यांनी लिहिलं. म्हणून व्हीआर लावलं म्हणून लोकल (जागा बधिर करायचं इंजेक्शन) द्यायचं नाही, पॅरासिटामॉल द्यायचं नाही, असं कोणी करत असेल तर त्याला तिथंच थांबवा. टाके घालायचे तर बधिर करणारं लिग्नोकेन लागणारच. भाजल्याचं ड्रेसिंग असेल तर डॉक्टरनं लिहिलेलं दुखण्याचं औषध अर्धा-पाऊण तास आधी पोटात गेलेलं पाहिजे आणि चिकटलेली पट्टी सलाईननं भिजवून भिजवूनच काढायची, ओढून नाही. वेळ हाताशी असेल, म्हणजे ठरवून घ्यायचं रक्त असेल, तर लिग्नोकेन-प्रिलोकेनची बधिर करणारी क्रीम मेडिकलमधे मिळते, डॉक्टरला विचारून सुईच्या जागी जाड थर लावायचा, वरून पारदर्शक ड्रेसिंग, आणि पुरा एक तास थांबायचं. दहा मिनिटांत पुसून टाकली तर काही उपयोग नाही. क्रीम आणि डबा दोन्ही मिळून जे काम होतं ते एकट्यानं होत नाही.

कोणत्या पोरांपासून सुरू करायचं

जे पोट्टे परत परत येतात त्यांच्यापासून. आपल्याकडे पहिला नंबर सिकलसेलवाल्यांचा, म्हणजे लाल रक्तपेशी विळ्यासारख्या वाकतात त्या जन्मजात आजाराच्या पोरांचा. गडचिरोली, चंद्रपूर, मेळघाट, नागपूरच्या आजूबाजूला सिकल किती आहे ते मी सांगायला नको, १ जुलै २०२३ ला मध्य प्रदेशातल्या शहडोलहून राष्ट्रीय सिकलसेल मिशन सुरू झालं तेव्हापासून तपासणीचा जोरही वाढला. हायड्रॉक्सीयुरिया हे सिकलचं औषध चालू असलेल्या पोराचा सीबीसी (रक्तपेशींची तपासणी) ठरावीक काळानं करावाच लागतो, वरून क्रायसिस, म्हणजे दुखण्याचा झटका, आला की सलाईन, म्हणजे हातावर जागाच उरत नाही. अशा पोराची पहिली एक-दोन वेळ चांगली गेली तर पुढची वर्षं सोपी जातात, आणि वाईट गेली तर ते दवाखान्याचं गेट दिसलं की मागं पळतं. मग कुत्रा चावलेले. एआरव्ही, म्हणजे रेबीजची लस, चामडीत द्यायची तर ०, ३, ७ आणि २८ व्या दिवशी यावंच लागतं, आणि जखम खोल असेल तर पहिल्या दिवशी जखमेतच इम्युनोग्लोब्युलिनचं (तयार प्रतिपिंडांचं) इंजेक्शन भरतात, ते तर मोठ्या माणसालाही सहन होत नाही. तिसरे भाजलेले, चुलीवरचं पाणी, आंघोळीच्या गरम पाण्याचा गंज (पातेलं), दिवाळीचे फटाके, यांचं ड्रेसिंग महिना महिना चालतं.

वय म्हणाल तर सहा-सात वर्षांपासून पुढे चांगलं जमतं. अभ्यासांत चार वर्षांची मुलं घेतलेली आहेत, पण चार-पाच वर्षांच्या पोराच्या तोंडावर डबा नीट बसत नाही आणि त्याला ते आवडतही नाही. कंपन्यांचंही पाहून घ्या, मेटा क्वेस्ट या हेडसेटला कंपनी १० वर्षांखाली नको म्हणते. त्याच्या खालच्या वयाला थोडा वेळ वापरायचं असेल तर डॉक्टरच्या देखरेखीत, आईबापाला स्पष्ट सांगून आणि दहा मिनिटांच्या आत. सहा महिन्यांच्या बाळाला व्हीआर नसतंच, त्याला आईनं दूध पाजता पाजता सुई द्या, ते या सगळ्यापेक्षा भारी आहे.

कोणाला लावायचं नाही ते आता एका दमात सांगते: फिट येणारं पोरगं, डोक्याला मार लागलेलं, उलट्या चालू असलेलं, चक्कर येत असलेलं, चेहरा किंवा डोळा भाजलेला, डोळे आलेले, डोक्यात उवा किंवा खरूज, ज्याचं भान नीट नाही ते. आणि साप चावलेलं, धाप लागलेलं, रक्त वाहत असलेलं पोरगं आलं तर डबा कपाटातच राहू द्या, तिथं एक मिनिटही त्याच्यात घालवायचं नाही.

सामान

दोन प्रकार आहेत. एक, ज्याच्यात मोबाईल बसवतात तो डबा, पुठ्ठ्याचा किंवा प्लास्टिकचा, गुगलनं २०१४ ला कार्डबोर्ड काढलं तेव्हापासून याची नक्कल गल्लीबोळात मिळते, काही शे रुपयांत येतो. दोन, स्वतःची स्क्रीन असलेला हेडसेट, त्याला हजारो लागतात आणि वजन पाचशे ग्रॅमच्या आसपास भरतं, लहान मान दुखते. माझा सल्ला, पहिले प्लास्टिकचा डबा घ्या, सहा महिने वापरा, सिस्टर लोकांना सवय लागली असं दिसलं तरच रुग्ण कल्याण समितीत, म्हणजे दवाखान्याच्या खर्चाचं ठरवणाऱ्या समितीत, मोठ्या हेडसेटचा विषय ठेवा. नाही तर होतं काय की उद्घाटनाचा फोटो निघतो आणि डबा कपाटात जातो.

डब्यात पुठ्ठ्याचा घेऊ नका, तो पुसता येत नाही. प्लास्टिकचाच घ्या आणि लेन्स जवळ-दूर सरकवता येतात असा पाहा, कारण पोरांच्या दोन डोळ्यांतलं अंतर मोठ्यांपेक्षा कमी असतं, लेन्स त्यांच्या डोळ्यांसमोर आल्या नाहीत तर चित्र दोन-दोन दिसतं आणि डोकं दुखतं.

मोबाईलमधे जायरोस्कोप पाहिजे, म्हणजे फोन कुठं वळला ते ओळखणारा सेन्सर. स्वस्तातल्या कितीतरी मोबाईलमधे नसतो. तपासायची सोपी रीत म्हणजे एखादा ३६० डिग्रीचा व्हिडिओ लावा, फोन हातात धरून स्वतः गोल फिरा, चित्र तुमच्यासोबत फिरलं तर आहे, तिथंच अडकून राहिलं तर तो फोन कामाचा नाही. पोराच्या आईचा मोबाईल वापरायचा मोह टाळा, दवाखान्याचा एक जुना फोन यालाच ठेवून द्या, सिम काढून. सुई शिरेत जायच्या वेळेसच मामाचा फोन येतो आणि तो नेमका डोळ्यासमोर वाजतो. एरोप्लेन मोड, स्क्रीन बंद व्हायची वेळ वाढवलेली, उजेड मध्यम.

नेटच्या भरवशावर राहू नका हे वेगळं सांगायला नको. व्हिडिओ आणि गेम आधीच फोनमधे उतरवून ठेवा आणि नेट बंद करून एकदा पूर्ण चालवून पाहा. पॉवर बँक भरलेली ठेवा, लाईट कधी जाईल याचा काही नेम नाही. आणि उन्हाळा! मे महिन्यात ४५ डिग्रीत बंद डब्यातला फोन तापून हँग होतो, तेव्हा ही कामं सकाळी आटपा, दोन पोरांच्या मधात फोन बाहेर काढून थंड होऊ द्या. अजून एक, हेडसेट किंवा डबा खिडकीत, गाडीच्या डॅशबोर्डवर, कुठंच उन्हात ठेवायचा नाही, लेन्समधून ऊन आत एका ठिकाणी जमा होतं आणि स्क्रीनवर कायमचा डाग पडतो.

दाखवायचं काय

हळू चालणारं. समुद्राखालचे मासे, संथ नाव, जंगल, आकाशातले ग्रह. झोपाळा, रोलर कोस्टर, धावती गाडी बिलकुल नको, शरीर खाटेवर आणि डोळे म्हणतात आपण पळतो, मग ओकारी येते आणि सुईपेक्षा ते सांभाळणं जास्त होऊन बसतं. ताडोबाच्या वाघाचा व्हिडिओ कोणी दिला तर मुलाला विचारून लावा, जंगलाकाठच्या गावातल्या पोराला वाघ म्हणजे गंमत नाही.

नुसतं पाहण्यापेक्षा काही करायचं असेल तर लक्ष जास्त गुंततं, पण हाताचा गेम चालत नाही, हात तर आपल्याला स्थिर पाहिजे. म्हणून नजरेनं खेळायचा गेम शोधा, म्हणजे मान जिकडे वळवली तिकडे निशाणा. आणि मान जोरात वळवून खांदा हलतो का तेही आधी पाहा, हलत असेल तर रक्त काढताना तो नको, ड्रेसिंगला चालेल. पोरगं झोपलेलं असेल तर व्हिडिओचं तोंड पुन्हा सरळ करून घ्यावं लागतं, बहुतेक अॅपमधे ते बटण असतं, नाही तर बिचारं पूर्ण वेळ आकाशच पाहत बसतं.

इंग्रजी कॉमेंट्री असेल तर आवाज बंद करा. त्याच्याऐवजी तुम्ही बोला, किंवा आशाताईला बोलू द्या. भामरागडकडे माडियात, मेळघाटात कोरकूत बोलणारी आशाताई बाजूला उभी असली तर पोराचा अर्धा ताण तिथंच उतरतो. हेडफोन लावलाच तर एका कानाला लावा, दुसरा कान आपल्या आवाजासाठी मोकळा.

करायचं कसं

पहिले पोरासमोर डबा स्वतः घाला. मग आईला घालायला लावा. आई मान वर करून "अवं माय, मासोया पाहा किती!" म्हणाली की पोरगं स्वतःच हात पुढे करतं. ते हातात घेऊ द्या, उलटंपालटं करू द्या. घालायची सक्ती नाही, काढायची परवानगी पूर्ण, आणि इशारा ठरवून घ्या, अंगठा वर केला की आपण थांबणार. थांबणार म्हणजे खरंच थांबायचं, नाही तर पुढच्या वेळेस तो इशारा कोणी मानत नाही. आईबापाकडून होकार घ्या, आणि पोराकडूनही घ्या.

काही पोरांना सुई पाहायचीच असते, त्यांना दिसलं नाही तर जास्त भेव वाटतं. त्यांच्यावर डबा लादू नका.

"काहीच नाही दुखणार" हे वाक्य बंद करा, तुम्हीही आणि घरच्यांनीही. दुखते, हे त्याला कळतेच, मग पुढचं काहीच खरं वाटत नाही. आणि घरी "गप बस, नाई तं सिस्टर सुई टोचन" म्हणून जे धमकवतात ना, त्यांचं देणं इथं आम्हाला फेडावं लागते! खरं सांगा पण छोटं सांगा: "बाबू, आता ओला कापूस लागन, मंग एक चिमटा बसन, तोवर तू मासोया मोज." टोचायच्या वेळी सांगायचं की नाही हे आधीच विचारून ठेवा, कोणाला "आता" ऐकायचं असतं, कोणाला नाही.

मग डोकं. आपल्याकडची लेकरं दवाखान्यात येतात ते डोक्याला भरपूर तेल, पोरींच्या दोन वेण्या रिबिनीनं वर बांधलेल्या, बारक्यांच्या डोळ्यात काजळ, तोंडाला पावडर. तेलावरून पट्टा सरकतो, डबा नाकावर येतो, काजळ कपाळावरच्या स्पंजला लागतं आणि पावडर लेन्सवर बसते. ऑपरेशन थिएटरमधली वापरून फेकायची टोपी पहिले डोक्यात घाला, तिच्यावरून पट्टा, वेण्या पट्ट्याच्या खालून बाहेर काढा, चेहरा ओल्या रुमालानं पुसून घ्या. पट्टा इतकाच आवळा की गालावर वळ उठणार नाही. "दोन मासोया दिसतात का एक?" विचारा, दोन दिसत असतील तर लेन्स सरकवा.

डबा लावल्यावर लगेच सुई नाही. तीन-चार मिनिटं नुसतं पाहू द्या, एका जणानं त्याच्याशी त्या जगाबद्दल बोलत राहा, तो निळा कुठं गेला, खाली काय आहे. ट्रे तोवर त्याच्या मागं तयार, आवाज न करता. टूर्निकेट (शीर फुगवायला दंडाला बांधतात ती पट्टी) लावायच्या आधी हाताला हात लावून सांगा, न सांगता अंगाला काही लागलं की पोरगं दचकतं कारण त्याला दिसत नाही. सिकलच्या पोराचा हात आधी कोमट कपड्यानं गरम करा, पाणी भरपूर पाजलेलं असू द्या, शीर लवकर सापडते. त्याला बर्फाचा पॅक, थंड स्प्रे यातलं काही लावू नका, थंडी त्याला सोसत नाही, व्हिडिओतला बर्फ चालतो.

बोलणारा एकच पाहिजे. आई म्हणते रडू नको, आबाजी म्हणतात शाबास, कंपाउंडर म्हणतो हात सरळ, सिस्टर म्हणते झालं झालं, या गलक्यात पोरगं आतल्या जगातून बाहेर येतं. बोलणारा एक, टोचणारा एक, आणि आई मांडीवर घेऊन किंवा पायावर हात ठेवून गप.

डब्यामुळे अर्धा चेहरा झाकलेला असतो हे विसरायचं नाही. ओठांचा रंग, हाताचा घाम, बोलणं मधेच बंद झालं का, यावर तिसऱ्या कोणाचं तरी लक्ष राहू द्या. काही पोरं सुईला चक्कर येऊन पडतात, ते डब्यात उशिरा कळतं. गप झालं म्हणजे रमलं असं समजून घेऊ नका, विचारा. उत्तर नाही आलं किंवा मळमळ म्हटलं तर लगेच काढा.

दोनदा टोचून शीर मिळाली नाही तर थांबा, डबा काढा, पाणी द्या, टोचायला दुसऱ्या कोणाला बोलवा. व्हीआर चालू आहे म्हणून पाच वेळा टोचायची सूट मिळत नाही.

काम झाल्यावर डबा हिसकून घेऊ नका. कापूस दाबून टेप लागेपर्यंत आणि त्याच्याही पुढे दोनेक मिनिटं चालू द्या, मग हळूच काढा, बसतं करा, घोटभर पाणी द्या, नंतरच उभं करा. मग हसऱ्या-रडक्या चेहऱ्यांचा तक्ता, वाँग-बेकरचा, ० ते १० चे सहा चेहरे, पोराला दाखवा आणि बोट ठेवायला सांगा. आईला नाही विचारायचं, पोरालाच. एका रजिस्टरमधे वय, काय काम केलं, कोणता चेहरा, मळमळ झाली का, कोणता व्हिडिओ होता, एवढं लिहिलं तरी पुढच्या वेळेस त्याच पोराला काय लावायचं ते शोधत बसावं लागत नाही, आणि समितीपुढे पैसे मागताना हेच रजिस्टर कामी येतं.

आबाजी विचारतातच, "यानं डोये खराब होत नाई ना बाप्पा?" दवाखान्यातल्या दहा मिनिटांची काळजी करायचं कारण नाही, पण घरी असाच डबा आणून तासन् तास लावू नका हेही त्याच वाक्यात सांगून टाका, कारण पोरगं घरी जाऊन हट्ट करणार आहे.

पुसायचं कसं

लेन्सला स्पिरिट लावायचं नाही, पांढरी पडते, चष्म्याच्या कोरड्या मऊ कपड्यानं पुसायची. चेहऱ्याला लागणारा भाग प्रत्येक पोरानंतर जंतुनाशक वाईपनं पुसून पूर्ण वाळू द्यायचा. त्याचा कापडी स्पंज असेल तर काढून सिलिकॉनचं कव्हर बसवा, स्पंज घाम पितो. टोपी एकाची दुसऱ्याला नाही. पट्टा आठवड्यातून एकदा साबणानं धुवा.

तीन-चार वर्षांचं असेल, डबा नको म्हणत असेल, किंवा फोनच बंद पडला असेल तर साबणाचे फुगे फुगवायला लावा, लांब फुंकर मारताना पोट्टं आपोआप श्वास सोडतं आणि अंग सैल पडतं. ती बाटली ट्रेजवळ कायम असू द्या, दहा-वीस रुपयांची आहे. आणि डब्याचं कपाट ज्या खोलीत ड्रेसिंग होतं तिथंच ठेवा, चावी ड्यूटीवरच्या सिस्टरकडे. इनचार्जच्या पर्समधे चावी गेली आणि त्या सुट्टीवर गेल्या की डबा महिनाभर बाहेर निघत नाही.